दूझँ
दूझँ : फ्रान्सच्या राजेशाहीच्या काळात, मुख्यतः सोळाव्या शतकात, प्रचारात असलेले चांदी व तांबे यांच्या मिश्रधातूचे एक लहान नाणे. फ्रेंच भाषेत ‘दूझ’ म्हणजे बारा. या नाण्याचे दर्शनी मूल्य बारा ‘दन्ये’, म्हणजेच एक ‘सू’ (जुन्या लेखनात ‘सोल’), असल्यामुळे त्यास हे नाव पडले. व्यास सु. २५ मिमी., जाडी अत्यल्प आणि वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. त्यात चांदीचे प्रमाण एकतृतीयांशाहूनही कमी असे व बाकीचे तांबे. अशा हिणकस चांदीला फ्रेंच नाणकशास्त्रात ‘बीयाँ’ ही संज्ञा आहे. राजाच्या सोन्याच्या ‘एक्यू’पेक्षा किंवा चांदीच्या ‘तेस्ताँ’पेक्षा दूझँ दिसण्यात सामान्य असले, तरी मजुराचा रोज, शिपायाचा पगार, पाववाल्याचा हिशेब आणि शेतकऱ्याचा कर ही सर्व देवघेव बव्हंशी त्यातूनच होई. त्यामुळे फ्रान्सच्या चलनाचा इतिहास सामान्य प्रजेच्या बाजूने पाहावयाचा, तर सोन्याच्या नाण्यांपेक्षा दूझँचाच मागोवा घेणे अधिक उपयुक्त ठरते.

दूझँचे वैशिष्ट्य समजण्यासाठी तत्कालीन हिशेबपद्धतीची कल्पना असावी लागते. शार्लमेनच्या काळात, आठव्या शतकाच्या अखेरीस, एक ‘लीव्हर’ बरोबर वीस सू आणि एक सू बरोबर बारा दन्ये अशी गणना रूढ झाली व ती पुढे सुमारे हजार वर्षे टिकली. मात्र लीव्हर आणि सू ही प्रारंभी केवळ हिशेबाची परिमाणे होती. प्रत्यक्षात पाडले जाई ते फक्त दन्ये. हिशेब एका चलनात आणि देणे दुसऱ्या चलनात, असा हा प्रकार होता. त्यातही तूर शहरावरून ‘तूर्न्वा’ आणि पॅरिसवरून ‘पारिझी’ अशी दोन मानके होती व चार पारिझी लीव्हर म्हणजे पाच तूर्न्वा लीव्हर असा त्यांचा परस्परसंबंध होता. पारिझी मानक १६६७ मध्ये रद्द झाले. तथापि त्यापूर्वीच व्यवहारात तूर्न्वाचे प्राबल्य प्रस्थापित झाले होते. प्रस्तुत नोंदीतील सर्व मूल्ये तूर्न्वा मानकातील आहेत.

हिशेबातील सूला प्रथम मूर्त रूप दिले ते नवव्या लुईने. त्याने १२६६ मध्ये पाडलेले ‘ग्रो तूर्न्वा’ हे नाणे बारा दन्ये मूल्याचे असून जवळजवळ शुद्ध चांदीचे व सु. ४·२ ग्रॅ. वजनाचे होते. चौदाव्या शतकात शतवार्षिक युद्धाच्या खर्चापायी राजांनी वारंवार नाण्यांचा कस उतरविला आणि त्यात ग्रोचे जुने मूल्य टिकले नाही. त्यानंतर ‘ब्लां’ (शब्दशः पांढरे) या वर्गातील मध्यम कसाची नाणी प्रचारात आली. अकराव्या लुईच्या (कार. १४६१–८३) काळातील मुकुटचिन्हांकित मोठे ब्लां मूळचे दहा दन्ये मूल्याचे होते. त्याचे अधिकृत मूल्य वाढत वाढत पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बारा दन्ये झाले आणि तेच दूझँ म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे या नाण्याचा जन्म नव्या योजनेतून झाला नाही. जुन्याच नाण्याची किंमत वाढविण्यातून तो झाला. दहा दन्ये मूल्याची जी जागा रिकामी झाली, ती आठव्या चार्ल्सने १४८८ मध्ये मुकुटांकित आद्याक्षराचे ‘कारोलुस’ हे नाणे काढून भरली. दूझँच्या खालच्या पायरीवर तीन दन्ये मूल्याचे ‘लियार’, दोन दन्ये मूल्याचे ‘दूब्ल’ आणि स्वतः दन्ये ही आणखी हिणकस, म्हणून ‘काळी नाणी’ समजली जाणारी मालिका होती.

ग्रो तूर्न्वा आणि दूझँ यांची तुलना उद्बोधक आहे. दोहोंचे हिशेबी मूल्य एकच, एक सू. परंतु १२६६ च्या सूमध्ये चार ग्रॅम चांदी होती, तर दुसऱ्या हेन्रीच्या काळातील, म्हणजे १५५० च्या सुमाराच्या, सूमध्ये ती सुमारे पाऊण ग्रॅमच उरली. सू हा शब्द तोच राहिला, करारपत्रांतील आकडे तेच राहिले. आकड्यामागचा धातू मात्र पाचवा हिस्साच राहिला. ज्याचे उत्पन्न पूर्वीच्या करारानुसार ठरावीक सूंमध्ये बांधलेले होते असा जमीनदार किंवा मठ यामुळे हळूहळू निर्धन झाला. उलट, जुन्या दराने खंड भरणाऱ्या कुळाचा त्यात फायदाच झाला. कस उतरणे म्हणजे केवळ फसवणूक, हे मत त्यामुळे पूर्णपणे ग्राह्य धरता येत नाही. कोणाचे देणे आणि कोणाचे येणे, यावर त्याचा परिणाम अवलंबून असे.

दूझँचा बाह्य आकार शंभर-सव्वाशे वर्षांत फारसा बदलला नाही. दर्शनी बाजूस तीन कुमुदपुष्पे धारण करणारी, मुकुटमंडित राजढाल आणि सभोवार राजाचे नाव व उपाधी. मागील बाजूस क्रूस आणि देवाच्या नावाचा धन्यवाद करणारा लॅटिन मजकूर. हा धार्मिक मजकूर नवव्या लुईच्या ग्रोपासून चालत आलेला होता. निरनिराळ्या राजवटींतील दूझँ ओळखता येतात ते ढालीच्या दोन्ही बाजूंच्या व क्रूसाच्या कोनांतील लहान चिन्हांवरून. पहिल्या फ्रान्सिसने (कार. १५१५–४७) प्रथम मुकुटाचा व पुढे १५४१ पासून लहान क्रूसाचा प्रकार चालविला. दुसऱ्या हेन्रीच्या (कार. १५४७–५९) दूझँवर ढालीच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोर असते. चंद्रकोर हे त्याचे वैयक्तिक राजचिन्ह होते. तिसऱ्या व चौथ्या हेन्रींच्या नाण्यांवर चंद्रकोरीची जागा त्यांच्या नावाच्या दोन आद्याक्षरांनी घेतली. दोफिने प्रांतासाठी पाडलेल्या नाण्यांवर कुमुदपुष्पांच्या जोडीला डॉल्फिन मासा असतो. नाण्यावर वर्ष घालण्याचा प्रघात दुसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५४९ च्या सुमारास, पडला आणि अभ्यासकांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. तथापि नाण्यावरील नाव व वर्ष यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. दुसरा फ्रान्सिस (कार. १५५९–६०) याच्या अल्पकालीन राजवटीत फ्रान्समधील टांकसाळींनी मृत हेन्रीच्याच नावाने नाणी पाडणे चालू ठेवले. त्यामुळे १५६० सालचे ‘हेन्री’चे नाणे पाहून नवख्या संग्राहकाचा गोंधळ उडतो.

टांकसाळ ओळखण्याची पद्धतही लक्षणीय आहे. १३८९ पासून ‘गुप्त बिंदू’ची पद्धत होती : नाण्यावरील मजकुरातील ठरावीक क्रमांकाच्या अक्षराखाली एक टिंब देत; पॅरिसचे टिंब अठराव्या अक्षराखाली असे. सामान्य माणसाला हे दिसत नसे आणि ते दिसावे असा हेतूही नव्हता; दोषी टांकसाळ अधिकाऱ्यांना ओळखता यावी एवढाच तो होता. १५४० मध्ये पहिल्या फ्रान्सिसने ही पद्धत मोडून प्रत्येक टांकसाळीस वर्णमालेतील एकेक अक्षर दिले. पॅरिसला पहिले अक्षर ‘ए’, रूआंला ‘बी’, लीआँला ‘डी’, तूरला ‘ई’, ला रॉशेलला ‘एच्’, बॉर्दोला ‘के’, बायॉनला ‘एल्’, तुलूझला ‘एम्’ याप्रमाणे. शिवाय टांकसाळीचा मक्तेदार आणि ठसे कोरणारा कारागीर यांची स्वतंत्र चिन्हेही नाण्यावर असत. एवढ्या लहानशा चकतीवर जबाबदारीच्या या सर्व खुणा कोरण्याचे कारण उघड आहे : टांकसाळी राजाच्या नावाने चालत असल्या, तरी त्या मक्त्याने दिलेल्या असत आणि मक्तेदाराचा मोह नेहमी चांदी कमी घालण्याकडे असे.

दूझँ पाडण्याची रीत हातोड्याची होती. चांदी व तांबे मुशीत एकत्र वितळवून त्याच्या पट्ट्या ओतीत. पट्ट्यांचे तुकडे कापून, ते तापवून व ठोकून पातळ करीत आणि कातरीने गोल करीत. त्यानंतर येई ती उजळविण्याची क्रिया. पाऊण हिस्सा तांबे असलेली चकती नैसर्गिकपणे तांबूस दिसते. ती दारूच्या गाळातील क्षार व मीठ यांच्या द्रावणात उकळली, की पृष्ठभागावरील तांबे विरघळून जाई आणि वर चांदीचा पातळ, पांढरा थर उरे. ‘पांढरे नाणे’ हे नाव सार्थ होई ते या थरामुळे. नव्या दूझँची चकाकी चांगल्या चांदीसारखीच असे. परंतु हाताळण्याने थर झिजला, की आतील तांबे डोकावू लागे. चलनातील बहुतेक दूझँ म्हणूनच काळपट-तांबूस आढळतात. उजळविलेल्या चकत्या खाली स्थिर बसविलेला ठसा व वर हातात धरलेला ठसा यांच्यामध्ये ठेवून हातोड्याने छाप उठवीत. हे काम करणारे कारागीर वंशपरंपरेने राजाची शपथ घेतलेले असत आणि त्यांना काही करांतून सूट असे.

वजनाचा नियम येथे निर्णायक होता. सोन्याचे किंवा चांगल्या चांदीचे नाणे एकेक तोलून पारखीत. दूझँचे तसे नव्हते. पॅरिसच्या एका ‘मार’मध्ये (२४४·७५ ग्रॅ.) अमुक इतकी नाणी बसली पाहिजेत, एवढाच दंडक होता. एकूण वजन बरोबर भरले, की त्यांतील एखादे नाणे जड आणि दुसरे हलके असले तरी चालत असे. हा भेद जाणणारे सराफ व दलाल जड नाणी निवडून वितळवीत आणि हलकी पुन्हा बाजारात सोडीत. अशा व्यक्तीस ‘बीयोनर’ म्हणत आणि हा कायद्याने गुन्हा होता. टांकसाळीवरील देखरेखीसाठी पाडलेल्या नाण्यांपैकी ठरावीक नमुने बंद पेटीत टाकीत व त्या पेट्या चलन-न्यायालयाकडे तपासणीस जात. या संस्थेस दुसऱ्या हेन्रीने १५५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दर्जा दिला. कस व वजन यांत थोडी सूट मान्य असे. तीपलीकडे तूट आढळली, तर मक्तेदारास दंड होई. बनावट नाणी पाडणाऱ्यास देहदंड होता.

यंत्राने नाणी पाडण्याचा प्रयोगही याच काळातील. दुसऱ्या हेन्रीने जर्मनीतील आउग्सबुर्ख येथील तंत्र मिळवून १५५१-५२ मध्ये पॅरिस येथे पाणचक्कीवर चालणारी टांकसाळ उभारली. तिची नाणी गोल, सारख्या जाडीची आणि कडा कातरण्यास कठीण अशी होती. तथापि हातोड्याच्या कारागिरांनी विरोध केला, खर्चही अधिक पडला आणि अखेरीस यंत्राकडे पदके व तांब्याची नाणी एवढेच काम राहिले. यंत्राची खरी गरज होती ती दूझँसारख्या लहान नाण्याला. परंतु कमी किमतीच्या नाण्यावर जास्त खर्च करण्यास कोणीच राजी नव्हते.

लहान नाण्याची अडचण नेमकी येथेच आहे. तिसऱ्या हेन्रीच्या (कार. १५७४–८९) काळातील दूझँ नियमानुसार सु. २·४ ग्रॅ. वजनाचे व सुमारे चतुर्थांश चांदीचे असे. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘कार द एक्यू’ या पंधरा सू मूल्याच्या चांगल्या चांदीच्या नाण्याशी त्याची तुलना केली, तर दोहोंतही दर सूमागे ०·६ ग्रॅमच्या आसपासच चांदी भरते. म्हणजे कागदोपत्री दूझँ हे खोटे नाणे नव्हते. परंतु पंधरा सूंचे एक नाणे पाडण्यास एक ठोका लागे, तर पंधरा दूझँना पंधरा ठोके, पंधरा चकत्या आणि शिवाय तिप्पट तांबे. हा वाढीव खर्च भरून काढण्याचे सोपे मार्ग दोनच होते : चांदी थोडी कमी घालणे किंवा मारमध्ये चारदोन नाणी जास्त बसविणे. त्यात झीज आणि बनावट नाणी यांची भर पडली, की प्रत्यक्ष व्यवहारातील दूझँ नियमातील दूझँपेक्षा बरेच हलके ठरे. व्यापारी ते घेताना कुरकुर करी आणि स्वतःजवळचे सोने मात्र रोखून धरी.

सोन्याच्या दरात हा कल स्पष्ट उमटला आहे. सूर्यचिन्हांकित एक्यूचा अधिकृत दर १५१९ मध्ये ४० सू, १५३३ मध्ये ४५ सू आणि १५६१ मध्ये ५० सू होता. बाजारात तो नेहमीच याहून जास्त असे. ज्याची शिल्लक सोन्यात होती त्याची संपत्ती प्रत्येक वाढीबरोबर आपोआप वाढली. ज्याच्या कनवटीला दूझँ होते त्याच्या बाबतीत उलट घडले. भाववाढीची कारणे कोणती, यावर १५६६ मध्ये मालेत्र्वा याने मांडलेले मत असे, की महागाई केवळ भासमान आहे. वस्तूंना पूर्वीइतकेच सोने-चांदी पडते, वाढले आहेत ते फक्त सूंचे आकडे. झां बोदँ याने १५६८ मध्ये त्यास उत्तर देऊन अमेरिकेतून स्पेनमार्गे येणाऱ्या चांदीचा पूर हे महागाईचे मुख्य कारण असल्याचे प्रतिपादिले. अर्थशास्त्राच्या इतिहासात हा वाद द्रव्यराशी सिद्धांताचा आरंभ म्हणून प्रसिद्ध आहे. बोदँने पुढे १५७६ च्या आपल्या राज्यशास्त्रविषयक ग्रंथात मिश्रधातूची नाणी अजिबात बंद करावीत, अशीही सूचना केली. नाण्यात दोन धातू मिसळले, की त्याचा कस सामान्य माणसास डोळ्यांनी किंवा हाताने ओळखता येत नाही आणि त्यामुळे फसवणुकीला दार उघडते, असा त्याचा युक्तिवाद होता. तो अर्थातच बरोबर होता. परंतु शुद्ध चांदीत एक सू पाडावयाचा, तर नाणे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरले असते आणि ते बोटांच्या चिमटीतही राहिले नसते. शासनाने यावर अर्धवट तोडगा काढला. अगदी खालच्या पायरीवरील दूब्ल व दन्ये १५७७-७८ पासून शुद्ध तांब्यात पाडण्यास प्रारंभ झाला; दूझँ मात्र मिश्रधातूचेच राहिले.

सप्टेंबर १५७७ च्या प्वात्ये येथील राजाज्ञेने आणखी धाडसी उपाय योजला. लीव्हर व सू यांत हिशेब ठेवण्यास बंदी करून सर्व मोठे हिशेब एक्यूमध्ये ठेवावेत व एक्यू म्हणजे ६० सू हा दर कायम समजावा, असे तिने फर्माविले. हिशेबाचे चलन आणि हातातील चलन एक करण्याचा हा प्रयत्न होता. काही वर्षे तो यशस्वीही झाला; परंतु देशात धर्मयुद्धे पेटलेली असताना चलनाची शिस्त टिकणे अशक्य होते. १५८९ मध्ये तिसऱ्या हेन्रीचा खून झाल्यावर कॅथलिक संघाने बूर्बाँच्या वृद्ध कार्डिनलला ‘दहावा चार्ल्स’ म्हणून राजा घोषित केले. हा राजा त्या वेळी कैदेत होता आणि मे १५९० मध्ये तो तेथेच मरण पावला. तथापि त्याच्या नावाचे दूझँ संघाच्या ताब्यातील टांकसाळींत पुढेही काही वर्षे पडत राहिले. राजा मृत, सत्ता नाममात्र आणि नाणे मात्र चलनात, असा हा विलक्षण प्रकार आहे. दुसऱ्या बाजूस चौथ्या हेन्रीचे दूझँ त्याच्याशी निष्ठावंत शहरांतून निघत. दक्षिणेत लांगदॉकसारख्या प्रांतांत राज्यपालांनी स्वतःच्या अधिकारात टांकसाळी उघडल्या व त्यांत हलकी नाणी पाडली. प्रॉव्हांसमध्ये ‘पिनातेल’ या लोकनामाने ओळखल्या जाणाऱ्या, अडीच सू मूल्याच्या हिणकस नाण्यांचा सुळसुळाट होऊन १५९० नंतर बाजार कोसळला. याशिवाय आव्हीन्याँ येथील पोपची टांकसाळ, ऑरांज व दाँब येथील लहान संस्थानिक यांनीही दूझँसारखी दिसणारी नाणी पाडून फ्रान्सच्या बाजारात सोडली. ढाल, क्रूस आणि काळपट रंग एकसारखे असल्यामुळे निरक्षर ग्राहकाला त्यांतील भेद कळणे कठीणच होते. शांतता प्रस्थापित झाल्यावर १६०२ मध्ये चौथ्या हेन्रीने एक्यूचा हिशेब रद्द करून लीव्हर व सू पुन्हा प्रचारात आणले. एक्यूचा दर त्याच वेळी ६५ सू करण्यात आला.

सतराव्या शतकात दूझँचे उत्पादन ओसरले. तेराव्या लुईने (कार. १६१०–४३) १६४० मध्ये सोन्याचे ‘लुई’ व १६४१ मध्ये चांदीचे नवे एक्यू काढून चलनाची पुनर्रचना केली, झां व्हारँ याच्या देखरेखीखाली यंत्राचा वापर रूढ झाला आणि १६४५ मध्ये हातोड्याची पद्धत कायमची बंद पडली. जुन्या दूझँची व्यवस्था मात्र निराळ्या रीतीने झाली. ती गोळा करून वितळविण्याऐवजी १६४० च्या आज्ञेने प्रत्येक नाण्यावर लहान लंबगोलात कुमुदपुष्पाचा अनुमुद्रांक मारण्यात आला व त्याचे मूल्य १५ दन्ये ठरविण्यात आले. बारावरून नाव पडलेले नाणे अशा रीतीने पंधराचे झाले. ही अनुमुद्रांकित नाणी अटलांटिक ओलांडून नव फ्रान्समध्ये, म्हणजे आजच्या कॅनडात, पोचली व तेथील नाण्यांच्या तुटवड्यात चालली. चौदाव्या लुईच्या काळात, १६९२ पासून, उरलेली जुनी दूझँ पुन्हा टांकसाळीत नेऊन त्यांवरच १५ दन्ये मूल्याचा नवा छाप मारण्यात आला. काही नमुन्यांवर नव्या छापाखाली जुन्या राजाच्या नावाची अक्षरे अद्याप वाचता येतात. एकाच चकतीवर शंभर वर्षांच्या अंतराचे दोन छाप व मध्ये एक अनुमुद्रांक असे नमुने नाणकशास्त्रज्ञांस विशेष प्रिय आहेत.

दूझँच्या वंशातील पुढील नाणी थोडक्यात सांगता येतात. १७०९–१३ या काळात मेस व लीआँ येथे ३० दन्ये मूल्याचे ‘मूस्कतेर’ हे नाणे निघाले. त्यावरील क्रूस राजाच्या बंदूकधारी रक्षकांच्या अंगरख्यावरील क्रूसासारखा दिसतो म्हणून हे नाव. १७३८ पासून दोन सूंचे ‘सू मार्के’ निघाले आणि ते कॅनडा, लुइझिॲना व वेस्ट इंडीज बेटे येथे इतके पसरले, की शेजारच्या इंग्रज वसाहतींतही झिजून काळी पडलेली ही नाणी ‘काळी कुत्री’ या टोपणनावाने चालत असत. मॉरिशस व रेयून्याँ बेटांसाठी १७७९–८१ मध्ये तीन सूंची, तर काएनसाठी १७८० नंतर दोन सूंची मिश्रधातूची नाणी पाडण्यात आली. राज्यक्रांतीनंतर दशमान पद्धती आली. तरीही नेपोलियनने १८०७–१० या काळात दहा सेंटिमांचे नाणे पुन्हा हिणकस चांदीतच काढले. १८५२ च्या कायद्याने सुरू झालेल्या काशाच्या नव्या नाण्यांबरोबर जुनी सर्व लहान नाणी मागे घेण्यात आली आणि मिश्रधातूची ही परंपरा संपली. मात्र ‘सू’ हा शब्द पाच सेंटिमांच्या नाण्यास लागू होऊन विसाव्या शतकातही फ्रेंच माणसाच्या तोंडी राहिला.